भिंतीवरचं हरीण: खरं किती आणि पेंढा किती?

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

दोन महिन्यांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात जुना वाडा पाडायला काढला म्हणून कळलं आणि बघायला गेलो. गाव कोणतं, घराणं कोणतं ते सांगणार नाही. का नाही, ते पुढे वाचताना लक्षात येईल. सागवानी खांब, तुळया, कोरलेले दरवाजे उतरवून ट्रॉलीत भरणं चालू होतं. माडीवरच्या बैठकीच्या खोलीत मात्र भिंतीवर तीन मुंडकी तशीच टांगलेली होती. दोन काळविटांची, एक चितळाचं.

वाड्याचे मालक सत्तरी ओलांडलेले. मी त्यांना काकाच म्हणतो. ते म्हणाले, "आजोबांच्या काळातली आहेत. एक जुन्या वस्तूवाला येऊन गेला, तिन्हीचे मिळून बरे पैसे देतो म्हणाला. तू पेपरवाला माणूस, चार ठिकाणी फिरतोस. जरा बघून सांग, माल चांगला आहे का?"

खरं सांगायचं तर मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. शिंगं मोठी दिसत होती, धूळ भरपूर होती, एवढंच. पण सामान उतरवायला आलेले एक आबा शेजारी उभे होते. पूर्वी त्याच घरी सालदार होते, त्याआधी आणि नंतरही मेंढरं राखली. त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडून घाम पुसला, तिन्ही मुंडक्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "डावीकडलं बरं हाय. उजवीकडलं खोटं हाय."

काका जरा रागावलेच. "खोटं कसं? माझ्या आजोबांनी मारलंय ते."

"मारलं असल मालक. पर ज्यानं बनवलं, त्यानं जितं हरीण बघेलच नाई."

त्या एका वाक्यानं मी दोन महिने वाचत बसलो, लोकांना विचारत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतोय. आबांनी उजवीकडलं खोटं का ठरवलं, ते शेवटाकडं सांगतो, कारण त्याआधी थोडा इतिहास कळला तर त्यांच्या बोलण्याचं मोल कळेल.

शब्दातच पेंढा

आपण मराठीत काय म्हणतो? पेंढा भरलेला वाघ. भुसा भरलेलं हरीण. म्हणजे आपल्या भाषेनं ही कला ज्या काळात पाहिली, त्या काळातली तिची पद्धत शब्दात अडकून राहिली. खरोखरच सुरुवातीला तसंच करायचे. कातडं सोलायचं, मीठ-तुरटी लावून टिकवायचं, शिवायचं आणि गोधडीत कापूस भरावा तसा आत पेंढा, भुसा, चिंध्या कोंबायच्या. कातडं वाळलं की आक्रसतं, आतला पेंढा बसतो, आणि मग हरणाचं तोंड बकरीसारखं, वाघाचं तोंड मांजरीसारखं दिसायला लागतं. राजेरजवाड्यांच्या जुन्या संग्रहांत असे विनोदी वाघ अनेकांनी पाहिले असतील.

इंग्रजी शब्द टॅक्सीडर्मी. मूळ ग्रीक. अर्थ साधा आहे: कातड्याची मांडणी. यात भरणं कुठंच नाही. चांगल्या कारागिराच्या कामात पेंढा नसतोच. आत प्राण्याच्या अंगाबरहुकूम घडवलेला हलका पुतळा असतो आणि त्यावर कातडं अंगरख्यासारखं बसवलेलं असतं. भिंतीवरच्या हरणात खरं असतं ते फक्त कातडं, शिंगं आणि शिंगांखालचा कवटीचा तुकडा. डोळे काचेचे, नाक रंगवलेलं, मान कागदाच्या लगद्याची. म्हणजे 'खरं हरीण' म्हणून आपण जे बघतो त्यातलं बहुतेक सगळं माणसानं बनवलेलं असतं. म्हणूनच त्याची परीक्षा करता येते, आणि करायला हवी.

छावणी, वाडे आणि टेप

आता आपल्याकडं येऊ. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे-भोसल्यांची फौज आणि वेलस्लीची फौज भिडली, हे आपण शाळेत शिकलो. त्यानंतर या भागात इंग्रज अधिकाऱ्यांचा वावर कायमचाच झाला. जालन्याला १८२७ मध्ये हैदराबाद कंटिन्जंटची छावणी उभी राहिली आणि ती १९०३ पर्यंत होती. म्हणजे तीन पिढ्या गोरे अधिकारी इथं राहिले. त्या काळातल्या छावणीतल्या अधिकाऱ्याचा विरंगुळा म्हणजे घोड्यावरून भाल्यानं रानडुकराची शिकार आणि बंदुकीनं काळविटाची. दख्खनच्या उघड्या माळावर काळवीट सगळ्यात सहज दिसणारं जनावर. वाघासाठी जंगल शोधत जावं लागायचं, काळवीट छावणीच्या आसपासच्या माळावर चरत असायचं.

साहेबाचं बघून जहागीरदार, देशमुख, मोठे वतनदार यांनीही दिवाणखान्यात मुंडकी टांगायला सुरुवात केली. आपण निजामाच्या राज्यात होतो. तिथं शिकार म्हणजे नुसती हौस नव्हती, कोण किती मोठा ते दाखवायची ती रीत होती. भिंतीवरचं मुंडकं म्हणजे एक प्रकारची पदवीच. देशातल्या काही संस्थानांत पाळीव चित्ते सोडून काळविटं पकडायचा खेळ चालायचा. कोल्हापूर त्यासाठी प्रसिद्ध होतं, आणि आपले चित्ते संपत आल्यावर तिथं आफ्रिकेतून चित्ते आणवले गेले. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात शिकारीची ती सगळी दुनिया आजही बघायला मिळते.

पण या सगळ्या काळात मुंडकं चांगलं की वाईट हे ठरवायचे कसे? टेपनं. लंडनच्या रोलंड वॉर्ड नावाच्या माणसानं १८९२ मध्ये शिकारीच्या मोजमापांची एक नोंदवही पुस्तकरूपात काढली. हा वॉर्ड स्वतः लंडनमधला नामांकित मुंडकी बनवणारा. पुस्तकात जनावरांची यादी, प्रत्येकाच्या शिंगांची लांबी, घेर आणि मारणाऱ्याचं नाव. जगभरचे शिकारी आपलं नाव त्यात यावं म्हणून इंच-इंच मोजायला लागले. काळविटाचं शिंग वीस इंच की पंचवीस इंच, यावर पैजा लागायला लागल्या.

यातली गंमत बघा. शिंग मोजायला जनावराचं तोंड बघावंच लागत नाही. कान वाकडा असो, डोळा बटणासारखा असो, शिंग लांब तर मुंडकं भारी. मोजमाप शिकाऱ्याचं व्हायचं, हरणाचं नाही. आज जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन टेप लावतो, तोही नकळत त्याच साहेबी नोंदवहीच्या हिशोबानं चालतो.

टेपचा एक उपयोग मात्र आहे. उत्तरेतल्या काळविटांची शिंगं आपल्या दख्खनी काळविटांपेक्षा लांब भरतात. तेव्हा एखाद्या वाड्यात फारच लांब शिंगं दिसली आणि 'आमच्याच शिवारात मारलेलं' असं सांगितलं गेलं, तर जरा थांबून विचार करावा. भेट म्हणून आलेली, विकत घेतलेली मुंडकीही भिंतीवर चढत असत. काकांच्या वाड्यातलं चितळ तसंच असावं. चितळाला झाडी लागते, पाणी लागतं. ते आपल्या उघड्या माळाचं जनावर नव्हे.

म्हैसूरचा कारखाना आणि शिकागोची हरणं

विसाव्या शतकात भारतातल्या शिकाऱ्यांचा मोठा आधार होता म्हैसूरचा व्हॅन इंगेन कारखाना. १९०० च्या सुमारास यूजीन व्हॅन इंगेन यांनी तो काढला, पुढे त्यांच्या मुलांनी वाढवला. राजेरजवाडे, कलेक्टर, चहामळ्यांचे मालक सगळे आपली कातडी तिथं पाठवायचे. त्यांनी पेंढा हद्दपार केला. मेलेल्या जनावरांची मापं घेऊन, स्नायू नीट अभ्यासून वेगवेगळ्या आकारांचे साचे बनवले आणि त्यात कागदाच्या लगद्याचे हलके पुतळे काढून त्यावर कातडं बसवलं. त्यांचा वाघ गुरगुरताना ओठ कसा मुडपतो, नाकावर सुरकुत्या कशा पडतात, हे आजही जाणकार नुसतं बघून ओळखतात. पुढे अभ्यासकांनी त्यांच्या वह्या तपासल्या तेव्हा नुसत्या वाघ-बिबट्यांचा आकडा ४० हजारांच्या वर गेला. म्हणजे कला एवढी मोठी आणि कत्तलही तेवढीच मोठी. या दोन्ही गोष्टी एकाच वहीत आहेत. कारखाना १९९९ मध्ये बंद झाला.

हरणांच्या बाबतीत मात्र जगातला सगळ्यात मोठा धडा अमेरिकेतून आला. कार्ल एकली नावाच्या कारागिरानं शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी १९०२ च्या सुमारास तिथल्या हरणांचे चार देखावे पूर्ण केले. उन्हाळा, पानगळ, हिवाळा, वसंत. एकाच जातीचं हरीण, पण प्रत्येक ऋतूत त्याचा रंग वेगळा, केसांची दाटी वेगळी, शिंगांची अवस्था वेगळी, उभं राहणं वेगळं. झाडांची हजारो पानं मेणाची, हातानं बनवलेली. काम कित्येक वर्षं चाललं.

एकलीची पद्धत अशी. आधी हाडांच्या आणि लोखंडी सळ्यांच्या आधारावर मातीचं हरीण घडवायचं, एकेक स्नायू जिथल्या तिथं. मूर्तिकार करतो तसंच. त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यातून पोकळ हलका पुतळा, आणि त्यावर कातडं चिकटवायचं. आपल्याकडं गणपती बनवणाऱ्याला ही पद्धत लगेच कळेल. फरक एवढाच, की इथं मूर्तीचा नमुना कल्पनेतला नाही, माळावर पळणारा आहे. आणि त्या नमुन्याशी ताडून चूक काढता येते.

तिथून 'शिंग किती इंच' हा प्रश्न मागे पडला आणि 'हे जिवंत वाटतं का' हा पुढे आला. अमेरिकेत आजही याच्या स्पर्धा भरतात आणि तिथं सर्वांत जास्त गर्दी हरणांच्याच गटात असते. परीक्षक हातात छोटी बॅटरी घेऊन हरणाच्या नाकपुडीत, कानात, डोळ्याच्या कोपऱ्यात उजेड टाकून बघतात. स्पर्धक जिवंत हरणाचे फोटो पुरावा म्हणून जवळ ठेवतात.

आपल्याकडंही हा वारसा आहे. नागपूरचा अजब बंगला १८६३ चा. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. त्यातला प्राण्यांचा विभाग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीनं उभा राहिला. तिथले प्राणी-पक्षी बघूनच या कामाची ओढ लागली असं सांगणारे डॉ. संतोष गायकवाड मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवत. त्यांच्या पुढाकारानं २००९ मध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात टॅक्सीडर्मी केंद्र सुरू झालं. तिथं शिकार नाही. प्राणिसंग्रहालयात, उद्यानात आपल्या मरणानं मेलेले प्राणी, वनखात्याच्या परवानगीनं, शिक्षणासाठी जतन होतात. आणि हे काम शरीररचना शिकवणाऱ्या माणसानं उभं केलं हे ध्यानात घ्या. कातड्याखाली काय आहे ते ज्याला माहीत, त्यालाच वरचं कातडं नीट बसवता येतं.

बघायचं काय?

पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात तर या गोष्टी बघा. पोरांना घेऊन गेलात तर त्यांना शोधायला लावा, मजा येते.

शिंगं: काळवीट आणि चितळ दोघांनाही आपण हरीण म्हणतो, पण काळविटाची शिंगं जन्मभराची. पिळदार, न फुटलेली, बहुधा नरालाच. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, पुन्हा येतात, त्यांना फांद्या असतात. नवीन शिंग वाढताना त्यावर मखमलीसारखी कातडी असते. कारागिरानं शिंगाची अवस्था एका ऋतूची आणि अंगाचा रंग दुसऱ्या ऋतूचा दाखवला, तर तिथंच गुण कापा.

डोळा: सगळ्यात मोठी परीक्षा इथं. हरणाच्या डोळ्यातली बाहुली आडवी, लांबट असते, आपल्यासारखी गोल नाही. आणि मान वर-खाली झाली तरी ती जमिनीला समांतर राहायला बघते. स्वस्त कामात बाजारातला काळा गोल मणी बसवलेला असतो. मग हरीण हरणासारखं न दिसता बाहुलीसारखं दिसतं. पापणीची कड, डोळ्याभोवतीची जागा फुगीर हवी. ती खोल गेली की हरीण आजारी दिसतं.

डोळ्यापुढची फट: काळविटाच्या डोळ्याच्या पुढं नाकाकडं एक ठळक फट असते. ती ग्रंथी आहे. नर तिचा वास गवताच्या काड्यांवर लावून हद्द सांगतो. अडाणी कारागीर ही फट जखम समजून शिवून टाकतो किंवा सपाट करतो. हे दिसलं की ओळखा, याला काळवीट माहीत नाही.

नाक आणि ओठ: वाळल्यावर सगळ्यात आधी आक्रसतात ते हे. नाकपुडी आतपर्यंत खोल दिसली पाहिजे, बंद पडलेल्या बिळासारखी नाही. वरून चकचकीत काळा ऑइलपेंट मारला असेल तर तो चूक झाकायला मारलेला असतो.

कान: कानात आतून कूर्चा असते. ती काढून तिच्या जागी त्याच आकाराचं काही बसवावं लागतं. कंटाळा केला की कान वाळल्या पानासारखा मुडपतो.

मान आणि शिवण: शिवण मानेच्या मागच्या बाजूनं असते. ती दिसू नये आणि केसांचा रोख तिथं तुटू नये. मान वळवलेली असेल तर एका बाजूला कातडीला घड्या आणि दुसऱ्या बाजूला ताण हवा. मान वळलेली आणि कातडी मात्र दोन्हीकडं सारखी, असं होत नसतं.

रंग: काळविटाचा नर वयानं काळा होत जातो. डोळ्याभोवती पांढरं कडं, हनुवटी पांढरी. लहान शिंगाचा, दोन पिळांचा कोवळा नर गडद काळा रंगवलेला दिसला, तर रंग मारलेला आहे.

आता हे सगळं जमलं तरी एक गोष्ट उरते. सगळे भाग बरोबर असून हरीण खोटं असू शकतं. तिथं आबा लागतात.

आबांचा निकाल

मी आबांना विचारलं, "आबा, उजवीकडलं खोटं कामून?"

आबा म्हणाले, "हे बघा. नर मस्तीत आला का नाक आभाळाला लावतो, शिंगं पाठीला टेकवतो. दुसऱ्या नराला सांगतो, ही जागा माझी. तवा त्याचे कान खाली पडेल असतात. अन् भेव वाटलं, वास आला, का मान ताठ, तोंड समोर, कान पुढं. ह्यानं नाक वर केलंय अन् कान पुढं केलेत. दोन्ही एका टायमाला होत नाई. एक तर मस्ती, नाई तर भेव."

मी नंतर पुस्तकात ताडून बघितलं. आबांचं बरोबर निघालं. हद्द राखणारा नर मिरवतो तेव्हा डोकं मागं टाकतो, कान पाडतो, डोळ्यापुढची ती फट उघडतो. सावध झालेल्या काळविटाची तऱ्हा वेगळी. कारागिराकडं शिंगं खरी होती, कातडं खरं होतं, कामही सुबक होतं. पण त्यानं दोन वेगळे क्षण एका मानेवर शिवले होते.

डावीकडलं आबांना बरं का वाटलं? "ते जरा तिकडं बघतंय. कळपाकडं. एक कान आपल्याकडं, एक कान तिकडं. हरीण असंच राहतंय. दोन्ही कान एकीकडं लावून उभं राहिलं का समजायचं, आता पळतंय."

दिल्ली-मुंबईच्या तज्ज्ञानं यापेक्षा वेगळं काय सांगितलं असतं? परीक्षा तीन प्रकारची असते. शिकारी टेप लावतो, कारागीर हाडं-स्नायू बघतो, आणि मेंढपाळ वागणूक बघतो. पहिल्याला पुस्तकात नाव मिळालं, दुसऱ्याला संग्रहालयात. तिसऱ्याला कुणी विचारलंच नाही. आपल्या जिल्ह्यात ही तिसरी नजर गावोगावी आहे, आणि ती म्हाताऱ्या माणसांबरोबर चालली आहे.

विकायचं का?

आता काकांच्या प्रश्नाकडं. माल चांगला आहे का, त्यापेक्षा मोठा प्रश्न, विकता येतो का?

नाही. अजिबात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातलंय. घरातलं जुनं मुंडकं, शिंग, कातडं हे सगळं कायद्याच्या भाषेत 'ट्रॉफी'. ती जवळ ठेवायला मुख्य वन्यजीव रक्षकांकडचा मालकीचा दाखला लागतो. ज्यांनी आधी नोंद केली नव्हती त्यांच्यासाठी २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती. आपल्याकडं किती जणांच्या कानावर ती आली असेल, तुम्हीच सांगा. दाखला असला तरी वारसाशिवाय दुसऱ्याला विकता येत नाही, देता येत नाही. वारसा हक्कानं आलं तर ९० दिवसांत कळवावं लागतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. 'बरे पैसे' देणारा वस्तूवाला रस्त्यात पकडला गेला तर तो नाव घेणार ते काकांचंच.

२०२२ च्या दुरुस्तीनं एक चांगली सोय केली. दाखला असलेल्या माणसाला वस्तू नको असेल तर तो मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवून ती सरकारजमा करू शकतो. पैसे मिळत नाहीत, पण डोक्यावरचं ओझं उतरतं. दाखला सापडत नसेल तर आधी चांगला वकील गाठा आणि मग वनखात्याकडं जा. लपवू नका आणि जाळूही नका.

जाळू नका हे दुसऱ्या कारणानंही सांगतोय. जुन्या मुंडक्यांना कसर लागू नये म्हणून आतून आर्सेनिकचा साबण लावत. म्हणजे सोमल. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये निघालेली ही युक्ती विसाव्या शतकातही जगभर चालू होती. तेव्हा अशा जुन्या मुंडक्यावरची धूळ हातानं झटकू नका, पोरांना हात लावू देऊ नका, पोटमाळ्यावर धान्याशेजारी ठेवू नका. मी त्या दिवशी उघड्या हातानं चितळाच्या मानेवरून हात फिरवला होता. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

शेवटचं

देशातल्या काळविटांची संख्या १९७० च्या दशकात २५ हजारांच्या आत आली होती असा अंदाज आहे. कायदा झाला, शिकार थांबली, पुढे ती ५० हजारांच्या घरात गेली. महाराष्ट्रात कर्जतजवळ रेहेकुरीला १९८० मध्ये काळविटांसाठी खास अभयारण्य झालं. पण आपल्याकडं अभयारण्य नाही. आपलं काळवीट राहतं ते शेतकऱ्याच्या बांधावर. हरभरा उगवला की कळप उतरतो आणि एका रात्रीत कोवळे शेंडे साफ. नुकसानभरपाईच्या यादीत हरीण आहे, पण अर्ज, पंचनामा, फोटो, चकरा यात शेतकरी दमतो. त्याच्या तोंडून हरणासाठी शिवी निघते आणि मला ती खोटी वाटत नाही.

म्हणजे बघा काय झालंय. ज्यांना हरणाचा त्रास नव्हता, त्यांनी त्याची मुंडकी दिवाणखान्यात टांगली. ज्यांच्या पिकात हरीण शिरतं, ते हरणाला कान कसे हलतात इथपर्यंत ओळखतात. भिंतीवरच्या हरणाला प्रतिष्ठा आणि शिवारातल्या हरणाला दगड, ही रीत आपल्याकडं शंभर-दीडशे वर्षं चालत आली आहे. ती उलटी करायची तर भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, एवढी साधी गोष्ट आहे. ती मागणी मी पेपरातून अनेकदा केली आहे, इथंही करतो.

दुसरी मागणी. जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांतून अशी जी मुंडकी वनखात्याकडं जमा होतील, त्यातली चांगली निवडून, विषाची नीट तपासणी करून, काचेच्या पेटीत घालून जालन्यात एका ठिकाणी मांडावीत. खाली पाटीवर शिकाऱ्याचं नाव आणि इंच नको. काळवीट कसं जगतं ते लिहावं. आणि ते लिहिताना एखाद्या आबांना बोलवावं. खोटं मुंडकंही ठेवावं, खरंही ठेवावं, आणि पोरांना विचारावं, यातलं चुकलेलं कोणतं?

काकांनी काय केलं? जुन्या वस्तूवाल्याला नाही म्हणून कळवलं. कपाटातल्या जुन्या कागदांत दाखला सापडतोय का ते बघणं चालू आहे. वाडा आता जवळजवळ उतरलाय, पण ती एक भिंत अजून ठेवली आहे.

तुमच्या घरी, नातेवाइकांकडं असं काही असेल तर फोटो इथं टाकू नका, पत्ता लिहू नका. मला वैयक्तिक मेसेज करा, वनखात्यात कुणाला भेटायचं ते सांगतो. आणि गावातल्या म्हाताऱ्या मेंढपाळांना हरणाबद्दल विचारा, बोलतील तसं लिहून काढा. ते मात्र इथं बिनधास्त टाका.